वाचकांचे प्रश्न: पुस्तक मिटल्यावर काय उरतं?

या महिन्यात आलेली पत्रं आणि मेल उघडले तर निम्म्याहून जास्त एमपीएससीबद्दलच (महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षा), त्यामुळे आंबा फवारणी आणि जमिनीच्या सातबाऱ्याचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, रागावू नका. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मी स्वतः तीन वेळा राज्यसेवेची प्रिलिम्स म्हंजे पूर्व परीक्षा दिली, दोनदा मेन्सला, म्हंजे मुख्य परीक्षेला बसले, पोस्ट काही मिळाली नाही, शेवटी दुसऱ्या परीक्षेतून निरीक्षक झाले आणि त्यात सुखी आहे. म्हंजे टॉपरचा सल्ला हवा असेल तर तो इथे मिळायचा नाही, काय चुकतं ते मात्र मला चांगलं माहितेय.

*

ताई, मी गुहागर तालुक्यातला, बीएस्सी झालोय. दोन वर्षं पुण्याला राहून क्लास केला, पैसे संपले म्हणून घरी आलोय. प्रत्येक विषयाची तीन-तीन पुस्तकं आहेत, सगळी दोनदा वाचून झाली, हायलायटरने पानं पिवळी झाली. पण पेपर समोर आला की सगळं ओळखीचं वाटतं आणि उत्तर काही येत नाही. दोन अटेम्प्ट थोडक्यात गेले. माझी स्मरणशक्तीच कमी आहे का? दिवसाला दहा तास बसतो.

तुझी स्मरणशक्ती ठीक आहे रे. "सगळं ओळखीचं वाटतं" हे तूच लिहिलंयस ना, आजार तिथेच आहे. ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. एसटीत रोज भेटणारा माणूस बघितल्यावर लगेच ओळखतो आपण, पण त्याचं नाव विचारलं की गप्प. दोनदा वाचून, पिवळं करून तू चेहरे ओळखायला शिकलायस, नावं पाठ झालीच नाहीत, आणि आयोग नेमकं नाव विचारतो, तेही चार सारख्या चेहऱ्यांमधून.

यावर अभ्यास झालेला आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत कॉलेजच्या मुलांना उतारे दिले, काहींनी तेच परत परत वाचलं, काहींनी एकदा वाचून मग कागदावर आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर उलटं झालं, आठवून लिहिणारे पुढे गेले. आता तुझ्या लक्षात येईल की रात्री पुस्तक मिटताना "आज मस्त अभ्यास झाला" असं का वाटतं आणि महिन्याने तेच पान नवीन का वाटतं.

मग करायचं काय, तर आठ दिवस हायलायटर कुणाला तरी देऊन टाक आणि पाठकोरे कागद घे, जुन्या कॅलेंडरच्या मागची बाजू पण चालते. एक धडा वाचायचा, पंधरा-वीस पानांपेक्षा जास्त नाही, पुस्तक मिटायचं, लांब ठेवायचं, म्हंजे खरंच माजघरात नेऊन ठेवायचं, आणि पडवीत बसून आठवेल ते लिहायचं. पहिल्या दिवशी पाच ओळी येतील आणि स्वतःची लाज वाटेल, मला वाटली होती. मग पुस्तक आणून लाल पेनाने राहिलेलं भरायचं. तो लाल भागच तुझा खरा अभ्यासक्रम, बाकीचं तुला येतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच धडा पुस्तक न उघडता पाच मिनिटं, मग चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. एकूण वेळ वाचण्यापेक्षा कमीच लागतो पण डोकं जास्त दुखतं, ते दुखायलाच हवं.

तीन पुस्तकांचं एक कर. कुठलं ठेवायचं हे मला विचारू नकोस, जे तुला वाचताना कंटाळा येत नाही ते ठेव, दुसऱ्यातलं जे जास्तीचं आहे ते त्याच्याच मार्जिनमध्ये लिही. शालेय पुस्तकं मात्र सोडू नकोस, राज्य मंडळाची इतिहास-भूगोलाची पाचवी ते बारावी. पुण्यात दोन वर्षं काढलेल्या मुलाला हे सांगितलं की त्याला अपमान वाटतो, तरी सांगते.

आणि तू गुहागरचा आहेस तर भूगोल तुझ्या दारात आहे. तुझ्या तालुक्याच्या उत्तरेला दाभोळची खाडी, धोपाव्याला फेरीबोटीत बसलास की खाली वाशिष्ठी नदी. दक्षिणेला तवसाळहून जयगडला जातोस तेव्हा खाली शास्त्री. हे तुला पाठ करायचं नाहीये, तू ते ओलांडलंयस. तिथूनच पुढे वर-खाली जा, बाणकोटला सावित्री, केळशीला भारजा, मग दाभोळ, जयगड, भाट्याला काजळी, पूर्णगडला मुचकुंदी, विजयदुर्गला वाघोटन, असं करत पार तेरेखोलपर्यंत, आणि हे एसटीच्या कंडक्टरसारखं स्टॉप-स्टॉप म्हणायचं, उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि मग उलट. नद्यांचा क्रम आयोगाला भारी आवडतो. आणि वाशिष्ठीवर आहेस तर कोयनेचं पण बघून घे: कोयना स्वतः आधी दक्षिणेला, मग पूर्वेला वाहते, कराडला कृष्णेला मिळते, पण विजेसाठी तिचं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या अलीकडे पोफळीला आणतात आणि वीज झाली की ते वाशिष्ठीत येतं. एक नदी, दोन समुद्र. जोड्या लावा, योग्य विधान, अयोग्य विधान, काय हवं ते विचार म्हणावं.

पीवायक्यूंबद्दल, म्हंजे मागच्या वर्षांच्या प्रश्नांबद्दल, तू काहीच लिहिलं नाहीस, म्हणून विचारते, मागच्या दहा वर्षांचे पेपर सोडवलेस का, का नुसते "बघितलेस"? सोडवताना बरोबर उत्तरावर थांबायचं नाही, उरलेले तीन पर्याय चुकीचे का आहेत ते पण लिहायचं. एका प्रश्नातून चार प्रश्न होतात, पुढच्या पेपरात त्या चुकीच्या पर्यायांपैकीच एखादा प्रश्न बनून येतो. चुकांची एक वही कर आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिही: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण घोळ झाला, की प्रश्नच नीट वाचला नाही. हे तिसरं कारण बघून माझे डोळे उघडले होते, एका सराव पेपरात "अयोग्य विधान ओळखा" मधला "अ" मी सात वेळा गिळला होता. सात! तेव्हापासून प्रश्नातला "अयोग्य" दिसला की पेन्सिलने गोल करायचे, आजही ऑफिसातल्या परिपत्रकात "वगळून" शब्द दिसला की हात शिवशिवतो.

दहा तासांचं काय ते तूच ठरव, पण त्यातले किती तास पुस्तक मिटलेलं होतं ते मला पुढच्या पत्रात कळव.

*

मी आर्ट्सची, रोह्याची. जीएसमध्ये (सामान्य अध्ययन) कटऑफच्या वर असते पण सीसॅटमध्ये (उतारे आणि गणिताचा पूर्व परीक्षेचा दुसरा पेपर) पास होत नाही. गणित बघितलं की घाम फुटतो. साठ-पासष्ट प्रश्न सोडवते तरी राहते. काय करू?

कमी सोडव. चेष्टा करत नाहीये, हिशेब बघ. राज्यसेवेच्या सीसॅटला ८० प्रश्न, २०० गुण, म्हंजे एकाला अडीच. चुकलं की पाव भाग जातो, म्हंजे ०.६२५. हा पेपर आता नुसता पात्रतेपुरता, ३३ टक्के, म्हंजे ६६ पुरतात, मेरिटमध्ये धरत नाहीत. आता समज तू ६० सोडवलेस, ३२ बरोबर २८ चूक, तर ८० वजा साडेसतरा, हातात साडेबासष्ट, नापास. आणि ४० च सोडवलेस, त्यात ३० बरोबर १० चूक, तर ७५ वजा सव्वासहा, पावणेएकोणसत्तर, पास. दोन उत्तरं कमी बरोबर येऊन पास झालीस तू.

त्यामुळे तुझी लढाई गणिताशी नाहीच. उताऱ्यांवरचे प्रश्न पेपरात सगळ्यात जास्त असतात आणि तू आर्ट्सची आहेस, वाचन हे तुझं घरचं काम. रोज दोन उतारे घड्याळ लावून, आधी प्रश्न वाच, मग उतारा, आणि उत्तर उताऱ्यात कुठल्या ओळीत आहे तिथे बोट ठेव. बोट ठेवता आलं नाही तर तो प्रश्न सोडून दे, आपल्या मनातलं ज्ञान उताऱ्यात घालू नकोस, हुशार मुलांची हीच खोड. गणितातलं फक्त शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी, काळ-काम-वेग एवढं पक्कं कर, सातवी-आठवीच्या पुस्तकातून, बाकीच्याला नमस्कार. रोह्यात राहतेस ना, पहाटेच्या पनवेल गाडीला किती वेळ लागतो आणि किती स्टेशनं घेते यावरून दहा गणितं होतील.

जीएसला मात्र इतकं घाबरून सोडायचं नाही. तिथे एक प्रश्न दोन गुणांचा आणि चुकलं तर अर्धा जातो, त्यामुळे चारातला एक पर्याय जरी खात्रीने उडवता आला तरी उरलेल्या तीनातून निवडणं फायद्याचं पडतं. यूपीएससीला एक तृतीयांश कापतात, तिथे जरा हात आखडता. हे गणित मात्र घाम न फुटता कर, यावर पेपर फिरतो.

*

ताई, माझा मुलगा इंजिनीअर झाला आणि आता म्हणतो पुण्याला पेठेत खोली घेऊन एमपीएससी करणार. आम्ही संगमेश्वरजवळ राहतो, थोडीशी कलमं आहेत, त्याचे बाबा आजारी असतात. नाही म्हटलं तर म्हणतो तुम्ही माझं करिअर अडवताय. इथे राहून होत नाही का?

होतं, पण सगळ्यांना होत नाही, आणि पुण्यात जाऊन तर फारच थोड्यांना होतं. पुण्यात काय मिळतं तर अभ्यासिका, टेस्ट सिरीज, सोबत. आणि चहाच्या टपरीवरच्या चर्चा, त्या मोफत मिळतात पण सगळ्यात महाग पडतात. आता पुस्तकं कुरिअरने घरी येतात, लेक्चर मोबाईलवर आहेत, टेस्ट ऑनलाईन आहेत. रेंज नसेल तर तिठ्यावर येऊन डाउनलोड करायचं, आपल्याकडची अर्धी पोरं हेच करतात.

त्याला नाही म्हणू नका, तारीख मागा. तीन महिने घरी बसून राज्यघटना आणि महाराष्ट्राचा भूगोल एवढे दोन विषय पूर्ण करून दाखव, मागचे पेपर लावून गुण दाखव, मग पुण्याचं बोलू. तीन महिने जो घरी बसू शकत नाही तो पेठेतल्या खोलीत पण बसत नाही. गेला तर किती वर्षं हे पण आधीच ठरवा, आणि तो आकडा कागदावर लिहून फ्रीजवर लावा. खुल्या गटाला ३८ वर्षांपर्यंत बसता येतं म्हणून ३८ पर्यंत बसलंच पाहिजे असा नियम नाही. मधे कंबाईनच्या, म्हंजे एमपीएससीच्याच संयुक्त, गट ब आणि गट क च्या परीक्षा पण भरू देत, पूर्व परीक्षा एका तासात शंभर प्रश्नांची असते आणि अभ्यासक्रम बराच सारखा, त्यातून नोकरी लागली तर राज्यसेवा नोकरीत राहून पण देता येते. बार्टी, सारथी, महाज्योती या वेगवेगळ्या प्रवर्गांसाठीच्या सरकारी संस्था, त्यांच्या प्रशिक्षणाच्या योजना असतात, तुमच्या प्रवर्गात कुठली बसते ते त्याला शोधायला सांगा, अर्ज त्यानेच भरायचा, तुम्ही नाही.

आणि बाबांना दवाखान्यात नेणं हे त्याच्या वेळापत्रकात असू दे. तेवढ्याने कुणाची पोस्ट जात नाही.

*

नमस्कार, मी अलिबागचा. प्रिलिम्स निघेल असं वाटतंय पण मेन्स आता लेखी झालीय आणि मी बारावीनंतर दोन पानं सलग लिहिलेली नाहीत. अक्षर पण बेकार. सगळे म्हणतात आधी प्रिलिम्स कर मग बघू.

सगळे चुकीचं सांगतायत. प्रिलिम्स झाल्यावर हातात जे दिवस उरतात त्यात लिहायला शिकता येत नाही. गंमत बघ, मी दिली तेव्हा मेन्स लेखीच होती, मग २०१२ पासून गोल काळे करायची झाली, तेव्हा आम्ही म्हणायचो आता काय मजा राहिली, आणि आता २०२५ पासून परत लेखी. नऊ पेपर आहेत. मराठी आणि इंग्रजी प्रत्येकी ३००, ते २५ टक्के मिळवून नुसते पास व्हायचे. गुण धरतात ते निबंध, जीएसचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन, सगळे २५० चे, मिळून १७५०. वर मुलाखत २७५. म्हंजे खरी मारामारी लिहिण्यावर आहे आणि तू ती शेवटाला ठेवतोयस.

आठवड्यात तीन उत्तरं, बास. दीडशे-दोनशे शब्द, दहा मिनिटं, शाईचं नाही साधं बॉलपेन, आणि लिहिलेलं कुणाला तरी वाचायला द्यायचं. कोण नसेल तर गावातले निवृत्त मास्तर पकड, विषय कळला नाही तरी "हे वाक्य मला समजलं नाही" एवढं ते नक्की सांगतात आणि तपासणाऱ्याला पण तेच होणारे. अक्षर सुंदर नको, सुटं हवं. शब्दांमध्ये जागा सोड.

उत्तरात भरायचं काय, तर इथे तुझ्या जिल्ह्याचा फायदा घे. जमीन सुधारणांवर प्रश्न आला तर सगळा महाराष्ट्र तीच दोन वाक्यं लिहिणार, कसेल त्याची जमीन वगैरे. तू खोतीवर, म्हंजे खोताने गावाचा सारा वसूल करायच्या कोकणातल्या जुन्या पद्धतीवर, लिही ना. तुझ्या तालुक्यातल्या चरीला शेतकऱ्यांनी १९३३ पासून जवळजवळ सहा वर्षं संप केला, शेतं ओसाड ठेवली, खोताला खंड दिला नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३७ च्या सप्टेंबरात मुंबई विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक आणलं, ते तेव्हा झालं नाही, कायदा आला १९४९ चा. कारण, लढा, कायदा, आणि मधली बारा वर्षं का लागली यावर तुझं एक वाक्य, झालं उत्तर. आपत्ती व्यवस्थापन म्हटलं तर ३ जून २०२० चं निसर्ग वादळ तू अंगावर घेतलंयस, २०२१ च्या जुलैत तळियेची दरड आणि चिपळूणचा पूर एकाच पावसात, २०२३ ला इर्शाळवाडीची दरड. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातली रचना लिहायची आणि मग तुमच्याकडे वीज किती दिवस नव्हती, पत्रे कोणी आधी पोचवले, ग्रामपंचायतीने काय केलं हे लिहायचं. भावूक व्हायचं नाही, दोन ओळीत. पंचायतराजचं पण तसंच, ७३ वी घटनादुरुस्ती आणि अकराव्या अनुसूचीतले २९ विषय पाठ करायच्या आधी एकदा स्वतःच्या गावच्या ग्रामसभेला जाऊन बस, कोरम नसतो तेव्हा काय होतं ते बघ, ते कुठल्या गाईडमध्ये इतकं नीट कळणार नाही. (आणि चहा मिळतो.)

वैकल्पिक विषय "स्कोअरिंग" कुठला ते विचारू नकोस, पदवीला जो आवडीने वाचलास तो यादीत आहे का बघ.

*

मी मालवणची, लग्न झालंय, मुलगी पाच वर्षांची. घरचा होमस्टे आहे, सीझनमध्ये पाहुण्यांचं जेवण माझ्याकडेच. दिवसाला जेमतेम दोन तास मिळतात ते पण सलग नाहीत. त्यात गणपती, मग दिवाळीचे पर्यटक, मग मे महिना. सासूबाई म्हणतात, "ह्या वयात शाळा कित्याक?" दोन तासात होईल का?

पहिल्या वर्षी होणार नाही, हे आधीच सांगते म्हणजे मनाला लागणार नाही. दोन-अडीच वर्षांचा हिशेब धरा. पण तुमचे दोन तास वर गुहागरच्या भावाच्या दहा तासांपेक्षा फार कमी पडतील असं मला वाटत नाही, कारण तुमच्याकडे वाया घालवायला काही नाहीच.

तुटक वेळेचा एक फायदा असतो, आठवून बघायला पुस्तक लागत नाही. पहाटे एक तास, पाहुणे उठायच्या आधी, नवीन वाचायचं. मग दिवसभर तेच डोक्यात घोळवायचं. नारळ खवताना मूलभूत हक्कांची कलमं १४ पासून ३२ पर्यंत, मासे साफ करताना मराठेशाहीचे जलदुर्ग. तुमच्या किनाऱ्यावरून तर सिंधुदुर्ग दिसतोच, २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे जे १२ किल्ले गेले त्यात तो आहे, बाकीचे अकरा फोडणी तडतडेपर्यंत मोजा. एक तमिळनाडूतला आहे, जिंजी, तो हमखास विसरतो. अडलात तर फळीवर खडूने लिहून ठेवायचं आणि रात्री पुस्तकात बघायचं. माझ्या एका मैत्रिणीने पिठाच्या डब्यांवर घटनादुरुस्त्यांचे कागद चिकटवले होते, तांदळाचा डबा म्हंजे ४२ वी, अजून ती भात लावताना १९७६ म्हणते. मुलीला पण कामाला लावा, पाच वर्षांच्या पोरीला गोष्ट म्हणून सांगता आलं नाही तर ते आपल्याला कळलेलं नाही असं समजा.

चालू घडामोडी रोज करू नका, तुम्हाला परवडणार नाही. आठवड्यातून एकदा, महिन्याचं एकच मासिक, आणि राज्याचा आर्थिक पाहणी अहवाल बजेटच्या आसपास येतो तो आला की त्यातले महाराष्ट्राचे आकडे. ग्रुपवर येणाऱ्या पीडीएफ न उघडता डिलीट.

गणपतीचं असं करा. पाच दिवस असोत नाहीतर अकरा, त्या दिवसात नवीन काही वाचायचं नाही असं आधीच लिहून ठेवा, कारण चाकरमानी घरात पंधरा माणसं घेऊन येणार आणि तुम्ही अभ्यास करणार नाही, आणि मग तो झाला नाही म्हणून आरतीत पण चेहरा पाडून उभ्या राहणार. त्यापेक्षा रोज रात्री झोपताना दहा प्रश्न, जुन्या पेपरातले, अंथरुणात पडल्या पडल्या. मे महिन्यात पण तसंच. आणि जून ते ऑगस्ट तुमचे सोन्याचे महिने, होड्या बंद, पाहुणे नाहीत, स्नॉर्कलिंग नाही, बाहेर कोसळतोय, लाईट गेली तरी कंदिलात आठवून लिहिता येतं. वर्षाचा निम्मा अभ्यास त्या तीन महिन्यांत बसवा, घड्याळी दोन तासांचं चार होतील तेव्हा.

सासूबाईंना एकदा प्रश्नपत्रिका धरायला द्या आणि म्हणा विचारा मला. वाचता येत असेल तर त्यांना मजा येईल, माझ्या आईला यायची, उत्तर चुकलं की ती इतकी खूश व्हायची की मी चिडून पाठ करायचे.